‘पाहिजेत’च्या पुढचा मजकूर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या माणसाला नोकरीच्या जाहिरातींवर बोलायला का बोलावलं, असं तुम्हाला वाटलं असेल. त्याला एक कारण आहे. बी.ए. झाल्यावर सुरुवातीची दोन-अडीच वर्षं मी एका दैनिकाच्या जाहिरात खिडकीवर काढली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. छोट्या जाहिरातीला शब्दावर पैसे पडायचे. लोक घरून मजकूर लिहून आणायचे आणि मी तो कापून द्यायचो. ‘अनुभवी’चं ‘अनु.’ आणि ‘आवश्यक’चं ‘आव.’ व्हायचं. चार शब्द वाचले की गिऱ्हाईक खूश. तेव्हापासून आमच्या भागात माझी ओळख कवी म्हणून कमी आणि ‘मजकूर लिहून देणारे’ म्हणून जास्त आहे. आधी मुलांना नोकरीचे अर्ज लिहून दिले. आता त्यांच्यातल्याच काहींनी धंदे टाकलेत आणि तेच जाहिरात लिहून मागायला येतात.

या व्यवहारातले शब्द पाहा. ‘नोकर’ फारसीतून आला. ‘अर्ज’, ‘मालक’ आणि ‘हुद्दा’ हे अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले. ‘पगार’ पोर्तुगिजांनी दिला. ‘उमेदवार’ म्हणजे मनात उमेद धरलेला. आणि मराठीत ‘उमेदवारी करणे’ याचा आणखी एक अर्थ होता. कायम होण्याच्या आशेवर कुणाच्या तरी हाताखाली, पुष्कळदा बिनपगारी, काम करत राहणे. तो अर्थ जुना झाला असं कोशवाल्यांना वाटत असेल, मला तसं वाटत नाही. आणि ‘जाहिरात’ आली ‘जाहीर’वरून, म्हणजे उघड करणे. ‘पगार मुलाखतीत सांगितला जाईल’ अशी जाहिरात माझ्यासमोर आली की मी म्हणतो, अरे बाबा, मग जाहीर काय केलंस?

इंटरनेटवर शब्दाला पैसे पडत नाहीत. नोकरी डॉट कॉम १९९७ साली सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडे या जाहिराती हळूहळू कागदावरून पडद्यावर गेल्या. पुढे लिंक्डइन, इनडीड आले. सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ साली आलं, आपल्या राज्याचं महास्वयम आहे. आता तर कामगारांसाठी फोनवरची वेगळी ॲप्स आहेत. जागा वाढली, पण सांगणं वाढलं नाही. काही लोक अजून शब्दाला पैसे पडत असल्यासारखे दोन ओळींत उरकतात. काही जण दुसऱ्या कंपनीचा दीड पानाचा मजकूर उचलून फक्त नाव बदलतात, आणि त्यात त्या दुसऱ्या कंपनीचं गाव तसंच राहून गेलेलं मी पाहिलंय.

कुपवाडच्या एमआयडीसीत माझ्या ओळखीचा एक तरुण कारखानदार आहे. सीएनसी मशीनवर पंपाचे सुटे भाग करतो. मागे त्याला दोन माणसं हवी होती. त्याने ॲपवर टाकलेली जाहिरात अशी होती : ‘नामांकित कंपनीस तरुण, तडफदार, होतकरू उमेदवार त्वरित पाहिजेत. अनुभवी व फ्रेशर. आकर्षक पगार. फक्त पुरुष. प्रत्यक्ष भेटा.’ आठवड्याने तो माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘चाचा, दोनशेच्या वर फोन आले. कामाचा एक नाही. काय करायचं सांगा की.’’

मी त्याला विचारलं, तुझ्याकडे माणूस सकाळी आल्यापासून काय करतो ते सांग. पंधरा मिनिटं तो बोलला. पीस मशीनला लावायचा, सायकल सुरू करायची, निघालेला पीस व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मोजायचा, माप सरकू लागलं की ऑफसेट द्यायचा, टूलची इन्सर्ट झिजली की बदलायची. ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे. प्रोग्राम लिहायचा नाही, तो वेगळा माणूस लिहितो. पाळ्या दोन. त्याच्या त्या बोलण्यात सगळी जाहिरात होती. ‘तडफदार’ हा शब्द मात्र त्यात कुठेच नव्हता. मायक्रोमीटर धरणाऱ्या माणसाने तडफ दाखवली तर मालच वाया जायचा.

मग आम्ही लिहायला बसलो. पहिला प्रश्न पदाच्या नावाचा. त्याच्या मनात होतं ‘प्रॉडक्शन एक्झिक्युटिव्ह’. कानाला भारी वाटतं. पण काम शोधणारा मुलगा फोनवर काय टाइप करतो? ‘सीएनसी ऑपरेटर’. यंत्र शब्दाला शब्द जुळवून पाहतं, त्याला भारदस्तपणा कळत नाही. आणि ऑपरेटर, सेटर, प्रोग्रामर ही तीन वेगळी कामं आहेत. पीस लावून मोजणारा ऑपरेटर, नवीन जॉबसाठी मशीन बांधून देणारा सेटर. ‘ऑपरेटर कम सेटर कम प्रोग्रामर’ असं लिहिलं की खरा सेटर समजतो, एका पगारात तीन माणसं हवी आहेत. तो पुढे सरकतो. उरतात ज्यांना तिन्हीतलं काही येत नाही ते.

गूगलने २०१८ साली भारतात नोकऱ्यांचा वेगळा शोध सुरू केला. त्यात जाहिरात दिसावी म्हणून घालून दिलेल्या सूचना वाचण्यासारख्या आहेत. पदाच्या रकान्यात फक्त पदाचं नाव लिहा. पगार, तारीख, पत्ता, कंपनीचं नाव तिथे कोंबू नका, उद्गारचिन्हांची आरास करू नका. पत्ता, पगार, मुदत यांचे रकाने वेगळे आहेत. आपल्याकडची ‘मेगा भरती!!! त्वरित संपर्क!!!’ ही तऱ्हा तिथे चालत नाही. मला फार बरं वाटलं. तीन उद्गारचिन्हांविरुद्ध मी मुशायऱ्यांच्या पत्रिकांतही वर्षानुवर्षं भांडतोय.

फोनवर यादी उघडली की पद, कंपनी, गाव, पगार एवढंच आधी दिसतं. बोट लावलं तर पुढच्या चार-पाच ओळी. लायक माणूस बहुतेक वेळा आधीच कुठेतरी कामावर असतो, हे लक्षात घ्या. नोकरी डॉट कॉमचे संस्थापक संजीव बिखचंदानी सांगतात, की आपण एका कंपनीत कामाला असताना सहकारी व्यापारविषयक नियतकालिक मागच्या पानांपासून, म्हणजे नोकऱ्यांच्या जाहिरातींपासून वाचायचे. नोकरी असलेलीच माणसं ती! तीच माणसं आज पाळी संपवून, जेवून, अंथरुणावर पडल्या पडल्या अर्धा मिनिट तुमची जाहिरात पाहतात. ‘आमची कंपनी गुणवत्तेचा ध्यास घेतलेली’ ही ओळ त्या अर्ध्या मिनिटातली दहा सेकंद खाते.

आता पगार. इथे आमची खरी ओढाताण झाली. तो म्हणाला, ‘‘आकडा टाकला तर शेजारचा कारखानदार बघेल. आणि आपलेच कामगार विचारतील, नव्याला एवढे का?’’ दुसरी भीती खरी आहे. पण ती जाहिरातीने निर्माण झालेली नाही, हजेरीपटातच आहे. माझं म्हणणं एवढंच होतं, की पगार न सांगितल्याने तुझा फायदा काय झाला? दोनशे माणसांना फोनवर तो सांगावाच लागला. त्यांतल्या दीडशेंनी ‘बरं, कळवतो’ म्हणून फोन ठेवला. शिवाय काम शोधणारे पगाराची चाळणी लावून जाहिराती पाहतात. रकाना रिकामा असला तर तुमची जाहिरात त्या चाळणीत कुठे राहणार?

आकडा टाकला तरी कुठला आकडा, हाही प्रश्न आहेच. हल्ली ‘सीटीसी’ नावाचा एक फुगा निघालाय. माणसावर कंपनीचा एकूण खर्च किती, तो आकडा. मूळ पगार पंधरा हजार धरा. भविष्य निर्वाह निधीला बारा टक्क्यांनी कामगाराचे १,८०० जातात आणि मालकाचे १,८००. हे ३,६०० रुपये कामगाराचेच आहेत, पण ते या महिन्याच्या किराण्याला येत नाहीत. मालकाचा हिस्सा धरून फुगवलेला आकडा जाहिरातीत टाकला की पहिल्या पगाराच्या दिवशी माणसाला फसल्यासारखं वाटतं. कागदोपत्री सगळं बरोबर असतं, तरी वाटतं. आणि दोन महिन्यांत तो जातो. मग पुन्हा ‘त्वरित पाहिजेत’. म्हणून आम्ही ‘हातात किती’ तेच लिहिलं, आणि कापले किती जातात ते पुढे लिहिलं.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२१पासून जाहिरातीत पगाराचा पल्ला देणं बंधनकारक केलं. न्यूयॉर्क शहराने २०२२ साली तेच केलं. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या निर्देशात तर मुलाखतीआधी पगार सांगा आणि उमेदवाराला आधीचा पगार विचारू नका, असं म्हटलंय. आपल्याकडे खासगी जाहिरातीसाठी तशी सर्वसाधारण सक्ती नाही. सरकारी जाहिराती मात्र हे पूर्वीपासून करत आल्या आहेत, आणि त्याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही. ‘विहित नमुना’, ‘अर्हता’, ‘उपरोक्त’ असल्या शब्दांनी ती भाषा कोरडी ठक्क झालेली असते. पण वेतनश्रेणी, पदं किती, कुठल्या प्रवर्गाला किती, वयाची अट, शेवटची तारीख, सगळं तिथे छापलेलं असतं. मुलं त्या जाहिराती पुन्हा पुन्हा वाचतात ते उगाच नाही. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ पदांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. त्यात बेकारी आहे, सुरक्षिततेची ओढ आहे, हे तर झालंच. पण आपण कशासाठी अर्ज करतोय ते त्या दहा लाखांना ठाऊक होतं, हेही आहे.

आमची जाहिरात शेवटी साधारण अशी झाली : ‘सीएनसी ऑपरेटर, दोन जागा, कुपवाड एमआयडीसी. पंपाचे भाग टर्निंग करणे व मोजणे. ड्रॉइंग वाचता आले पाहिजे, मायक्रोमीटर वापरता आला पाहिजे. आयटीआय टर्नर किंवा मशीनिस्ट, किंवा सीएनसीवर एक वर्ष काम केलेले. ऑफसेट देता येत असल्यास उत्तम, नसल्यास शिकवू. हातात १८ ते २२ हजार, निधी व विमा वेगळा. पाळ्या दोन, आठवड्याला बदलतात. जादा कामाला दुप्पट दर. रविवार सुट्टी.’ खाली कारखान्याचं पूर्ण नाव, पत्ता, कुणाला विचारायचं ते आणि फोन कधी करायचा ती वेळ.

‘पाहिजेच’ आणि ‘असल्यास उत्तम’ यांची फारकत फार महत्त्वाची. कारखानदार आधी पदविका मागत होता. मी विचारलं, आता तुझ्याकडे सगळ्यात चांगला ऑपरेटर कोण? त्याने नाव सांगितलं. तो दहावीनंतर आयटीआय केलेला निघाला. म्हणजे आपल्याच उत्तम माणसाला त्याने दारातून परत पाठवलं असतं. ‘पदवीधर’ ही अट कित्येक जाहिरातींत केवळ शोभेला असते. मी बी.ए. आहे, त्यामुळे हे अधिकाराने सांगू शकतो.

आणखी एक केलं. अर्ज करणं आता एका बोटाचं काम झालंय. माणूस चहा पिता पिता तीस ठिकाणी अर्ज टाकतो. म्हणून खाली एकच प्रश्न टाकला : ‘पीसचं माप हळूहळू वाढतंय असं दिसलं तर तुम्ही आधी काय तपासाल? दोन ओळींत लिहा, मराठीत चालेल.’ ज्याने मशीनवर हात काळे केलेत तो उत्तर देतो. ज्याने केले नाहीत तो आपोआप थांबतो, त्याला कुणी अपमान करून हाकलावं लागत नाही. यावेळी अर्ज आले तीसेक. ते कारखानदाराने एका संध्याकाळी वाचून काढले.

‘फक्त पुरुष’ काढून टाकायला त्याने खळखळ केली नाही, पण असे शब्द सर्रास असतात. ‘फक्त मुली’, ‘अविवाहित’, ‘दिसायला स्मार्ट’. हिशेब लिहायला अविवाहित कशासाठी? भरती करताना स्त्री म्हणून डावलू नये, हे १९७६च्या समान वेतन कायद्यात होतं आणि आता त्याची जागा घेतलेल्या २०१९च्या वेतन संहितेतही आहे. उघड शब्दांपलीकडेही काही असतं. गॉशर, फ्रीसन आणि के या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिलं, की जाहिरातीत पुरुषी छापाचे शब्द, वर्चस्व आणि स्पर्धेचे, जास्त असले की ती नोकरी स्त्रियांना कमी भावते. आपल्याला ते काम जमणार नाही म्हणून नव्हे, तर तिथे आपण परके ठरू असं वाटतं म्हणून. आपल्याकडचं ‘तडफदार’, ‘धडाडीचा’ आठवून पाहा. व्याकरणही त्यात सामील आहे. ‘अनुभवी शिक्षक पाहिजे, तो शिस्तप्रिय असावा’ म्हटलं की शिक्षिकेने काय समजायचं? ‘सर्वांचे स्वागत’ या ओळीवर माझा फारसा विश्वास नाही. त्यापेक्षा ‘रात्रीची पाळी सुटल्यावर स्टँडपर्यंत गाडी आहे’ हे वाक्य टाका. बाई अर्ज करायचा की नाही ते त्यावरून ठरवते.

आणि नावाची गोष्ट. ती माझ्यासारख्याने टाळून चालणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त ते प्रसिद्ध झालं. दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या अर्जापेक्षा कमी निघाली, मुसलमान नावाच्या अर्जाला त्याहून कमी. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना यासाठी अभ्यासाची गरज नव्हती. जाहिरात लिहिणारा हे सगळं बदलू शकत नाही. पण कामाचा प्रश्न विचारून उत्तरं आधी वाचायची, नाव नंतर पाहायचं, एवढं तो करू शकतो. माझ्या कारखानदाराने पुतणीला बसवून उत्तरांना नुसते नंबर द्यायला लावले होते. निवडलेल्या दोघांत एक कवठे महांकाळचा निघाला, एक मिरजेचा. त्यांच्या जाती-धर्माची माहिती मी इथे देणार नाही, तुम्ही अंदाज बांधू नका.

प्रामाणिक माणसाने पूर्ण पत्ता का द्यायचा, याचं आणखी एक कारण आहे. चोरही जाहिराती देतात, आणि त्यांच्या जाहिराती देखण्या असतात. २०२२ साली परराष्ट्र मंत्रालयाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ची नोकरी, असं सांगून संगणक जाणणारी आपली मुलं नेली जात होती, आणि तिथून सीमा ओलांडून म्यानमारमध्ये अडकवून ठेवली जात होती. ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपायला. पदाचं नाव पाहा. त्यावरून काम काय ते कुणालाच कळत नाही. गावाकडच्या चोऱ्या लहान असतात : नोंदणीचे पाचशे, गणवेशाचे हजार, ‘पहिल्या पगारात परत’. नोकरी देणारा पैसे मागू लागला की तिथेच थांबावं, आणि गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावं. परदेशची नोकरी असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट यादीवर आहे का, ते आधी बघावं. तुमच्या जाहिरातीत ‘नामांकित कंपनी’ एवढंच असेल आणि खाली नुसता मोबाईल नंबर असेल, तर फसलेल्या मुलाने तुमच्यात आणि त्या चोरात फरक कशावरून करायचा?

राहता राहिली मुदत. कागदी जाहिरात रात्री रद्दीत जायची. पडद्यावरची मरत नाही. जागा भरून चार महिने झालेल्या जाहिरातीवर लोक अर्ज करत राहतात, त्यातला एखादा एसटीचे पैसे खर्चून प्रत्यक्ष येतो आणि वॉचमनकडून कळतं की भरती कधीच झाली. शेवटची तारीख घाला, आणि जागा भरली त्या दिवशी जाहिरात उतरवा. ज्यांना घेतलं नाही त्यांनाही कळवा. तीस अर्ज असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे. ‘आपला अर्ज वाचला. या वेळी दुसऱ्यांची निवड झाली. आपले उत्तर बरोबर होते, सेटरची जागा निघाल्यास कळवू,’ असं. पण शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा, नाहीतर ते खोडून टाका आणि आधीची दोन तेवढी पाठवा.